नागपुरात नव्याने चूल मांडताना: बाजार, वावर आणि हंगामाचं जेवण

आमच्या वरच्या मजल्यावर दर दोन-तीन वर्षांनी नवे भाडेकरू येतात. कोणी मिहानच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला लागलेलं असतं, कोणाची बँकेत बदली झालेली असते. शाळांच्या हिशेबाने सोयीचं म्हणून बहुतेक जण मे-जूनमध्येच सामान उतरवतात. आठवड्याभरात जिन्यात गाठ पडली की पहिली तक्रार ठरलेली: "काकू, इथे चांगली भाजीच मिळत नाही हो. मिळते ती सुकलेली, आणि वर महाग."

खरं आहे. पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, विहिरी तळाला लागतात, पालेभाजी दुपारपर्यंत टोपलीतच माना टाकते. पण मी त्यांना म्हणते, बरं झालं उन्हाळ्यात आलात. इथला स्वयंपाक समजायचा तर सुरुवात याच रिकाम्या महिन्यांपासून करावी. भाजी नसताना चार घास गोड कसे लागतील, याच विचारातून इथले निम्मे पदार्थ आले आहेत. हे एकदा कळलं की पावसाळा आणि हिवाळा समजायला वेळ लागत नाही.

दरवेळी जिन्यात उभं राहून सांगण्यापेक्षा एकदाच लिहून ठेवते.

पहिली पायरी: बाजारातले शब्द

हे काम एका दिवसाचं आहे, पण ते टाळलं तर महिनाभर घोळ होतो. इथे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. "सांबार टाकू का?" असं भाजीवाल्याने विचारलं तर मुकाट्याने पिशवी पुढे करायची. बटाटे म्हणजे आलू, दुधी म्हणजे लवकी, शेंगदाणे म्हणजे फल्लीदाणे, चवळी म्हणजे बरबटी. शेवग्याची शेंग मुंगण्याची होते आणि अळूची पानं धोप्याची होतात. पेरूला जाम म्हणतात, कलिंगडाला टरबूज आणि खरबुजाला डांगर. टोमॅटो शहरात टमाटर असतो, पण खेड्यातल्या म्हाताऱ्या बाया अजून भेदरंच म्हणतात. शेताला वावर म्हणायचं आणि बांधाला धुरा. हा शेवटचा शब्द लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

वजन पावात विचारतात. "वांगे कसे पाव?" म्हणजे पाव किलोचा भाव काय. आणि भाकरीची इथे भाकर होते, त्याला इलाज नाही.

दुसरी पायरी: जिल्ह्याचा पूर्व आणि पश्चिम

माझं माहेर नरखेड तालुक्यातलं, सासर मौद्याकडचं. नागपूर दोघांच्या मधोमध. लग्नानंतरच्या पहिल्या जेवणात माझ्या ताटात भाताचा डोंगर वाढला गेला, आणि मी आपली भाकर कधी येते याची वाट बघत बसले. भाकर आलीच नाही. एकाच जिल्ह्यातलं सासर, पण जेवण दुसऱ्याच मुलखाचं.

नकाशा असा धरा. शहराच्या पश्चिमेला आणि वायव्येला, म्हणजे काटोल, नरखेड, कळमेश्वर, सावनेर या बाजूला, संत्र्याचे बगीचे, कपाशी, तूर आणि सोयाबीन. पूर्वेला, म्हणजे रामटेक, मौदा, पारशिवनी, कुही या बाजूला, धान; त्यातल्या रामटेक-मौद्याकडच्या बऱ्याच बांध्यांना, म्हणजे धानाच्या खाचरांना, पेंच प्रकल्पाच्या कालव्याचं पाणी मिळतं. आग्नेयेला उमरेड ओलांडलं की भिवापूर, तिथली मिरची. म्हणून संत्री आणि तुरीच्या शेंगा घ्यायला काटोल रोडकडे बघायचं, तांदूळ आणि लाखोळी डाळ घ्यायला भंडारा रोडकडे.

माहेरच्या बाजूलाही ज्वारी आता पूर्वीसारखी राहिली नाही. सोयाबीन आलं आणि ज्वारीचा पेरा आटत गेला. तेव्हा शहरात "गावरान ज्वारी" म्हणून मिळणारं पीठ जिल्ह्यातलंच असेल असं समजू नका. पीठ न घेता धान्य घ्या, कुठलं ते विचारा आणि चक्कीवर समोर दळून घ्या.

सावजीचा उल्लेख केला नाही तर लोक रागावतील म्हणून सांगते. ते विणकर हलबा कोष्टी समाजाचं जेवण, जाळजाळ तिखट आणि मसाल्याने गच्च. पूर्वी त्यात जवसाचं तेल असायचं. जरूर खा. पण नागपूरच्या घरोघरी रोज तेच शिजतं असं वाटून घेऊ नका. रोजच्या ताटात वरण, भात, पोळी आणि हंगामाची भाजी असते.

तिसरी पायरी: बाजार कोणता आणि कधी

इतवारी, बुधवारी, मंगळवारी ही इथल्या वस्त्यांची नावं बाजाराच्या वारांवरून पडली आहेत. महाल आणि सक्करदऱ्याचा बुधवार बाजार अजून जोरात भरतो. तुमच्या वस्तीचा वार कोणता ते पहिल्याच आठवड्यात शेजारी विचारून घ्या. कॉटन मार्केट (नाव कापसाचं, बाजार भाजीचा) उजाडायच्या आत गाठलं तर ताजा माल दिसतो. कळमन्याच्या मंडीत सगळा ठोक व्यवहार, दोन माणसांच्या घराने भाजीसाठी तिथे जाण्यात अर्थ नाही. पण संत्र्याच्या दिवसांत चार घरांनी मिळून एकदा जावं. किराणा, मसाले आणि वर्षाचं धान्य इतवारीत.

आता बाजारात शेतकरी कसा ओळखायचा? ज्याच्यापुढे एकसारख्या टमाटरचा मोठा ढीग आहे तो बहुधा व्यापारी. शेतकरी बाई कडेला बसते. तिच्यापुढे चार वांगी, दोन जुड्या अंबाडी, थोड्या पोपटाच्या म्हणजे वालाच्या शेंगा, एखादं कोहळं म्हणजे लाल भोपळा, असं मिळेल ते मांडलेलं असतं. वांगी एकसारखी नसतात, एखाद्याला अळीचं भोकही असतं. तिच्याकडे आधी थांबा. "मावशी, हे कुठचं?" एवढंच विचारा. गावाचं नाव आलं की पुढच्या आठवड्यात त्याच जागी पुन्हा जा. तीन आठवडे सलग गेलात की ती न मागता सांबाराच्या दोन काड्या जास्त टाकते आणि पुढच्या वेळी काय आणणार तेही सांगते. भावावरून तिच्याशी घासाघीस करू नका. ती घासाघीस व्यापाऱ्याकडे करा, त्याला सवय असते.

चौथी पायरी: उन्हाळा, म्हणजे डाळ आणि वाळवण

भाजी नाही तर डाळ. डाळीचे इतके प्रकार इथे का होतात, याचं उत्तर मे महिन्याच्या बाजारात आहे. झुणका, पाटवडी रस्सा, कढीगोळे, डुबुकवडे, वडाभात, गोळाभात हे सगळे डाळीच्या डब्यातून निघतात. यातला एकच पदार्थ आधी शिकायचा असेल तर गोळाभात शिका.

हरभऱ्याच्या डाळीचा जाडसर भरडा एक वाटी घ्या. दुकानातलं बारीक बेसन चालणार नाही, त्याचे गोळे घशात चिकटतात. चक्कीवर "गोळ्यासाठी भरडा" म्हटलं की समजतात. त्यात तिखट, हळद, हिंग, मीठ, चिरलेला सांबार आणि दोन मोठे चमचे कडकडीत तेलाचं मोहन घाला. मोहनात हात आखडू नका, गोळा कोरडा होतो. पाणी बेताने शिंपडत घट्ट भिजवा आणि लिंबाएवढे गोळे वळा.

दोन वाट्या तांदूळ पातेल्यात शिजत ठेवा. इथे कुकर वापरायचा नाही. भातातलं पाणी आटत आलं आणि वर भोकं दिसू लागली की गोळे अलगद वर मांडायचे, झाकण ठेवायचं आणि आच मंद करायची. पंधरा मिनिटं तरी उघडायचं नाही. ताटात गोळा भातात कुस्करायचा आणि वरून मोहरी, हिंग, लाल मिरचीची गरम फोडणी ओतायची. सोबत चिंचेचं सार किंवा ताक. सासरी हा पदार्थ तांदळामुळे झाला आणि माहेरी डाळीमुळे, असा आमच्याकडे कायमचा वाद आहे.

उन्हाळ्यातही अगदीच हिरवं नसतं असं नाही. चिवळ मिळते, बारीक पानांची, जमिनीवर पसरणारी. चव किंचित आंबूस. तिच्यात रेती अडकलेली असते, म्हणून मुळं कापून चार-पाच पाण्यांतून काढा आणि मगच चिरा. लसणाच्या फोडणीवर परतून वर थोडं बेसन भुरभुरलं की झाली. नदीपात्रातल्या वाड्यांवरची डांगरं-टरबुजं याच दिवसांत येतात.

वाळवणं मार्च-एप्रिलमध्ये उरकतात. गव्हाच्या चिकाच्या कुरडया, मूगवड्या, सांडगे, सरगुंडे, पापड. इथे एवढं कडक ऊन फुकट मिळतं की कुरडई दोन दिवसांत खडखडीत वाळते. तुम्ही जूनमध्ये आला असाल तर या वर्षी विकत घ्या. बचत गटाच्या बाया करतात. पुढच्या वर्षी शेजारणीच्या गच्चीवर हात लावायला जा, कुरडयांचा चीक घोटायला एक जास्तीचा हात नेहमी हवाच असतो.

पाचवी पायरी: पावसाळा

मृगाचा पाऊस पडला की आठ-दहा दिवसांत रस्त्याच्या कडेला तरोटा, म्हणजे टाकळा, उगवतो. तो फक्त कोवळा असताना खायचा, भिजवलेल्या हरभऱ्याच्या डाळीबरोबर परतून. पुढे काटवलं म्हणजे कर्टुली येतात, धोप्याची पानं येतात, गडचिरोली-चंद्रपूरकडून बांबूचे कोंब येतात, त्यांना वास्ते म्हणतात. श्रावणाच्या आसपास टेकोडे, म्हणजे रानातल्या अळंब्या, विकायला येतात. त्याबाबत माझा नियम साधा आहे: वर्षानुवर्षं विकणाऱ्या माणसाकडून घ्यायच्या, आणि स्वतः फिरायला गेल्यावर दिसली म्हणून एकही तोडायची नाही. तरोट्याच्या बाबतीतही पहिल्या वर्षी ओळखणारं माणूस सोबत हवंच. आणि रस्त्यालगतचा, गाड्यांच्या धुराखालचा तोडू नये.

पोळ्याला पुरणपोळी आणि कोहळ्याचे बोंडे. दुसऱ्या दिवशी लहान मुलांचा तान्हा पोळा, लाकडी बैल घेऊन, आणि शहरात मारबतीची मिरवणूक. त्या दिवशी महाल-इतवारीत गाडी घेऊन भाजी आणायला जाऊ नका, हा अनुभवाचा सल्ला.

भाद्रपदात गौरी बसतात, त्यांना इथे महालक्ष्म्या म्हणतात. नैवेद्याला सोळा भाज्यांची एकत्र भाजी, ज्वारीची आंबील, पुरण. बाजारात त्या दोन दिवसांत सोळा भाज्यांचे वाटे मिळतात. एक वाटा घ्या, घरी पूजा नसली तरी. तो टेबलावर पसरून प्रत्येक भाजीचं नाव शेजारणीकडून लिहून घ्या. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये या मातीत काय काय येतं, त्याची यादी यापेक्षा स्वस्तात मिळायची नाही.

अंबाडीही याच दिवसांत. पानं उकडून आंबट पाणी काढून टाकायचं, सगळं नाही, थोडी चव राहू द्यायची. मग तुरीची डाळ आणि ज्वारीच्या कण्यांबरोबर शिजवून घोटायची. वाढल्यावर मध्ये खड्डा करून त्यात लसणाची फोडणी. भाकरीबरोबर ही भाजी खाल्ली की पुढे दुपारी काम होत नाही.

सहावी पायरी: हिवाळा, तुरीचे सोले आणि संत्री

हे चार महिने खरे आमचे. कपाशीच्या रांगांमध्ये मधूनमधून तुरीची तासं, म्हणजे ओळी, असतात. नोव्हेंबरच्या अखेरीपासून त्यांच्या शेंगा भरतात, आणि हिरव्या दाण्यांना म्हणतात सोले. शेंग घेताना बोटांनी दाबून दाणा गच्च लागतो का बघा. चपट्या शेंगा स्वस्त मिळतात पण सोलून हाती काही लागत नाही. चांगल्या शेंगांतूनही दाणे निम्म्याच्या आतच निघतात, त्या हिशेबाने घ्या. सोलण्याचं काम संध्याकाळी सगळ्यांनी मिळून करायचं, एकट्याने केलं तर जीव कंटाळतो. कंटाळलात तर सरळ मीठ घालून शेंगा तशाच उकडा आणि टीव्हीसमोर बसून खा. आमच्या लहानपणी टीव्ही नव्हता, शेकोटी होती, बाकी सगळं तेच.

सोले-वांग्याची रीत: लसूण, हिरवी मिरची, आलं आणि भरपूर सांबार एकत्र ठेचून घ्या. अर्धे सोले ओबडधोबड वाटा. तेलात जिरं, मग ठेचा, मग वाटलेले सोले घालून कच्चा वास जाईपर्यंत परता. इथे घाई केली तर भाजीला हिरवट चव राहते. मग अख्खे सोले, वांग्याच्या फोडी आणि गरम पाणी. थंड पाणी घालू नका. गरम मसाला नकोच. सोल्यांना त्यांची स्वतःची गोडी असते, ती मसाल्याखाली मारायची नाही.

आता संत्री. नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पण नव्या माणसाला मानांकनापेक्षा बहार समजणं जास्त उपयोगाचं. झाडाला काही आठवडे पाणी तोडतात, त्याला ताण देणं म्हणतात. ताणानंतर पाणी मिळालं की झाड फुलतं. डिसेंबर-जानेवारीत ताण दिला तर जानेवारी-फेब्रुवारीत फुलं येतात, तो आंबिया बहार. त्याची फळं ऑक्टोबर ते डिसेंबर. उन्हाळ्याच्या ताणानंतर पावसाळ्याच्या तोंडाशी फुलतो तो मृग बहार, त्याची फळं फेब्रुवारीनंतर. आंबियाचं फळ आंबटगोड, सालीवर बऱ्याचदा हिरवट झाक. मृगाचं फळ जास्त गोड आणि रंगाने पिवळंधमक.

त्यामुळे ऑक्टोबरात हिरवट संत्रं दिसलं म्हणून नाक मुरडू नका, आतून ते तयार असू शकतं. हातात घ्या. आकाराच्या मानाने जड लागलं पाहिजे. साल थोडी सुटी असणं ही या संत्र्याची जातच आहे, पण फारच पोकळ वाटलं तर फळ जुनं. एक सोलून खाऊ देतात, मागायला लाजू नका. क्रेट घरी आणलं की फळं टोपलीत किंवा जमिनीवर कागद पसरून मोकळी ठेवा आणि रोज एक नजर टाका, कारण सडकं एक निघालं की शेजारची चार जातात. आमच्याकडे एका वर्षी भरलेलं क्रेट दिवाणाखाली विसरलं. वासाने शोधावं लागलं.

सातवी पायरी: वर्षाचं भरणं

फेब्रुवारी ते एप्रिल या काळात इथली घरं वर्षाचं धान्य भरतात. पहिल्या वर्षी सगळं भरू नका. तांदूळ, तूरडाळ, तिखट आणि हळद पुरे.

तांदळात तुम्हाला एचएमटी हे नाव सतत ऐकू येईल. हे वाण चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड या खेड्यातले शेतकरी दादाजी खोब्रागडे यांनी आपल्या शेतातली वेगळी दिसलेली लोंबी निवडून निवडून तयार केलं, आणि त्याला नाव पडलं त्या काळी लोकप्रिय असलेल्या घड्याळाचं. जय श्रीरामही बारीक आणि चांगला. वास हवा असेल तर भंडाऱ्याकडचा चिन्नोर. नवा तांदूळ चिकट होतो, म्हणून भातासाठी जुना मागा. गोळाभाताला मात्र थोडा चिकटपणा चालतो. एकदम पोतं घेण्याआधी दोन किलो शिजवून बघा.

मिरची भिवापूरची, हळद वायगावची. हे वायगाव वर्धा जिल्ह्यात समुद्रपूर तालुक्यात आहे आणि तिथली हळद रंगाला गडद असते. दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे, त्यामुळे दोन्ही नावं लावून काहीही विकलं जातं. मी एकदा रस्त्यावरच्या गाडीवरून "भिवापुरी" तिखट घेतलं, वरणाला रंग आला पण जिभेला काही लागेना. तेव्हापासून अख्खी मिरचीच घेते: कोरडी, पांढरे डाग नसलेली, हलवली की बिया वाजणारी. दोन दिवस ऊन द्यायचं, देठं खुडायची आणि कांडपावर समोर उभं राहून कुटून आणायची. शिंका येतात, येऊ द्यायच्या. जवस सोबत घ्या, भाजून मीठ, तिखट, लसूण घालून चटणी केली की महिनाभर टिकते.

आठवी पायरी: वावरापर्यंत

बाजारातल्या त्या मावशीशी वर्षभर ओळख झाली की एकदा विचारा, "तुमच्या वावरात येऊ का?" बहुतेक वेळा "या न, कधीबी या" असंच उत्तर येतं. पण कधीही जाऊ नका, आधी फोन करा. ऑगस्ट-सप्टेंबरात कपाशीवर फवारणी सुरू असते, त्या दिवसांत लहान मुलांना घेऊन तर अजिबात जाऊ नये. धानाच्या रोवणीत आणि सोयाबीनच्या कापणीत घरातल्या कोणालाच बोलायला फुरसत नसते. सगळ्यात चांगला काळ डिसेंबर-जानेवारीची सकाळ. पिशव्या आपल्या न्या, सुटे पैसे न्या, आणि बाजारभावापेक्षा कमी मागू नका. चहा दिला तर घ्या, नाही म्हणू नका.

तिथे पोचल्यावर मुख्य पिकाबद्दल तर सगळेच बोलतात. तुम्ही विचारा, "धुऱ्यावर काय लावलं?" घरच्यासाठी लावलेलं सगळं तिथेच असतं: वालाचा वेल, बरबटी, अंबाडीच्या दोन रांगा, मुंगण्याचं झाड, एखादा कढीपत्ता. हे बाजारात फारसं येत नाही, कारण ते विकण्याइतकं नसतंच. यातलं थोडं तुम्हाला मिळालं तर तुम्ही घरचे झालात. बी मागा, गच्चीवरच्या कुंडीत बरबटी सहज येते.

आमच्या वरच्या भाडेकरूंना मागच्या ऑगस्टात सकाळी सातला फोन आला: "ताई, अंबाडी मस्त कवळी झाली, येता का?" त्या म्हणाल्या, रविवारी येते. रविवारपर्यंत ती निबर झाली होती. असा फोन आला की त्याच दिवशी निघायचं.